लवकीपंथी नवरा

माझा नवरा चौसष्टाव्या वर्षी घाबरला आणि लवकी प्यायला लागला. पुण्यामुंबईकडे जिला दुधी म्हणतात, तीच ही आमची लवकी. समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र एकेरीवर येणार आहे, कारण त्या दिवसांत त्यानं मला जे छळलं, त्यानंतर एवढी सूट मला मिळालीच पाहिजे.

घाबरायला कारण होतं. माझे सासरे आणि मोठे दीर, दोघेही पासष्टीच्या आतच गेले, आणि दोघांनाही हृदयानंच दगा दिला. दिरांच्या तेरवीहून परतल्यापासून हा माणूस आरशासमोर उभा राहून पोट आत ओढायचा. श्वास सोडला की पोट पुन्हा जागेवर यायचं आणि याचा चेहरा पडायचा. मला त्याची कीव यायची, आणि खोटं कशाला बोलू, हसूही यायचं.

त्यात आमच्या नंदनवन वस्तीतल्या बागेत त्याला गुरू भेटला. लकडगंजातला लाकडाचा धंदा मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले हे गृहस्थ रोज सकाळी निवृत्त पुरुषांचं टोळकं जमवून आरोग्यावर बोलायचे. धान्य म्हणजे विष, मीठ म्हणजे विष, आणि डॉक्टरची गोळी म्हणजे तर विषाचा बाप. मग उरलं काय? सकाळी अनशापोटी ग्लासभर कच्च्या लवकीचा रस, दुपारी उकडलेली भाजी, रात्री काकडी. उभा जन्म सागवान विकल्यामुळे लाकूड वाळलं की त्याचा भाव वाढतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणसाचंही तसंच असणार, असं ते धरून चालले असावेत.

नवऱ्यानं घरी येऊन जाहीर केलं, "आजपासून मी पोळी सोडली."

"आणि भात?"

"भातही सोडला."

"मग मलेच काहून धरून ठेवलं? मलेही सोडा."

हे त्याला विनोदी वाटलं नाही. पोळी सोडल्यापासून त्याला कुठलाच विनोद विनोदी वाटेनासा झाला. टीव्हीवरच्या बातम्यांवर खेकसायचा, दूधवाल्यावर खेकसायचा, आणि मी पाटोडीचा रस्सा केला की गच्चीत जाऊन बसायचा. मग मी फोडणी जरा जास्तच खमंग द्यायची आणि गच्चीचं दार हवेसाठी उघडं ठेवायची. माणसाला हवा तर लागतेच ना.

पण पंधरवड्यातच तो खाटेवरून उठताना भिंत धरायला लागला, तेव्हा मात्र मी हसायची थांबले.

"चक्कर येऊन राहिली ना?"

"नाही वं. शरीर हलकं होऊन राहिलं."

रक्तदाबाची गोळी मात्र मी सोडू दिली नाही. सकाळी एका तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात ग्लास. आधी ही, मग तुमचं तीर्थ. लवकीचा रस मीच काढायची, कारण लग्नापासून या माणसानं भाजी चिरलेली मी पाहिली नव्हती. मिक्सर कुठून चालू होतो हेही त्याला ठाऊक नव्हतं.

लवकी कापली की देठाकडची एक चकती मी तोंडात टाकायची आणि चावून बघायची. आई तेच करायची, सासूही तेच करायची. काकडी असो, लवकी असो, बाई चाखल्याशिवाय पुढं जात नाही. एकदा यानं ते पाहिलं.

"माझ्यातली चोरून खाऊन राहिली का वं?"

"कडू निघाली तर फेकावी लागते," मी म्हटलं. त्याच्या कानात शिरलं की नाही देव जाणे. तिथं आधीच गुरुमहाराज ठाण मांडून बसले होते.

मग एका सकाळी असं झालं. नरखेडकडे माझ्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे. भाचीला बघायला पाहुणे यायचे होते म्हणून मी आदल्या दिवशीच तिकडे गेले होते. सकाळी विहिरीवर मोटार सुरू होती, मी अंघोळ उरकून केस पुसत होते, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. आवाजात असा हर्ष की पोरगं परीक्षेत पहिलं आलं असावं.

"आज रस मी स्वतः काढला वं! सरांनी त्यांच्या गच्चीवरच्या वेलाची लवकी देली काल, बिनखताची. काय कडू निघाली! असली माल."

सर म्हणजे ते लाकूडवाले. मी टॉवेल खाली टाकला. "कडू? थुंकले ना तुम्ही?"

"थुंकीन काहून? नाक दाबून पूर्ण ग्लास घेतला. पाडव्याले कडुलिंब नाही खात का आपण? कडू म्हणजे अंगाले चांगलंच."

मी सगळी मर्यादा सोडून ओरडले. काय बोलले ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. भावाची बायको पाहुण्यांसाठी चहा गाळता गाळता थबकली, एवढं सांगते. मोटारीच्या आवाजात त्याला माझे अर्धेच शब्द ऐकू गेले, आणि ते त्याच्या भाग्यानं. मग मी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना फोन लावला आणि सांगितलं, त्याचं काहीही न ऐकता त्याला उचला आणि दवाखान्यात न्या, आणि कडू लवकीचा रस प्यायला आहे हे डॉक्टरला पहिल्यांदा सांगा.

भावानं मोटरसायकलवर स्टँडवर सोडलं आणि मी एसटीत बसले. काटोल यायच्या आत भाडेकरूंच्या सुनेचा फोन आला. काकांना उलट्या सुरू आहेत. उलटीत रक्त आहे. बीपी खूप उतरलंय. शेजारच्या बाईनं माझा हात धरला, तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं रडते आहे. मला त्याचा इतका राग आला होता आणि तो मला इतका हवा होता, की त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या. मनातल्या मनात मी त्याला शिव्याच देत होते, थांबले तर काही वाईट होईल असं वाटून देतच राहिले.

दवाखान्यात तो सलाइन लावून पडला होता, रंग उकडलेल्या बटाट्यासारखा. डॉक्टर तरुण मुलगी होती, पण माझ्याशी अगदी सरळ बोलली. "कडू दुधीतल्या विषावर उतारा नाही. सलाइन देऊन, औषधं देऊन सांभाळावं लागतं. लवकर आणलं हे फार बरं झालं. आणि ते इतके दिवस नीट जेवतच नव्हते का? अंगात काहीच शिल्लक नाही त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी तो डोळे उघडून पाणी मागायला लागला. त्याच संध्याकाळी लाकूडवाले गुरुजी शहाळं घेऊन भेटायला आले. खुर्ची ओढून बसले आणि मला समजावू लागले, "घाबरू नका वहिनी. आतली घाण बाहेर निघून राहिली. हे चांगलं लक्षण आहे."

मी शांतपणे विचारलं, "त्या वेलाची लवकी तुमच्या घरीही कापली असंल ना?"

"हो ना. काल सकाळीच."

"मग तुम्ही प्यायले?"

ते जरा चुळबुळले. "नाही. आमच्या हिनं चाखली अन् कडू आहे म्हणून फेकून देली. बायकाइले काय समजते गा यातलं," असं म्हणत त्यांनी आधारासाठी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्यानं मान हळूच भिंतीकडे वळवली. मी उठले, शहाळं त्यांच्या हातात परत दिलं आणि दार दाखवलं. "तुमच्या घरी फेकली, तर एक फोन करायचा होता यांले," एवढंच म्हटलं. आवाज न चढवता बोलले याचं मला आजही नवल वाटतं. ते शहाळं घेऊन गेले.

डॉक्टरनं मऊ वरण-भाताची परवानगी दिली होती. भाडेकरूंच्या सुनेनं डबा पाठवला होता. मी डबा उघडला, भात कालवला आणि खाटेच्या कडेला बसले. टोमणे तर माझ्याजवळ टोपलीभर तयार होते, आणि कुठला आधी मारावा याचाच विचार चालला होता. तेवढ्यात भिंतीकडे तोंड करूनच तो बोलला.

"मले मरायचं नव्हतं वं. दादा गेला तसं जायचं नव्हतं. म्हणून करून राहिलो होतो सगळं."

त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या हनुवटीला धरून तोंड माझ्याकडे वळवलं.

"मग जेवा," मी म्हटलं, आणि पहिला घास त्याच्या तोंडात घातला.