एलेनाताईंचा ठावठिकाणा

त्या हिवाळ्यात देवीशी माझं बोलणं जवळजवळ बंद पडलं होतं. माहूरची रेणुका ही आमची कुलदेवी. जर्सी सिटीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, स्वयंपाकघरातल्या एका फळीवर तिची तसबीर आहे. रोज सकाळी तिच्यापुढे निरांजन लावायचं आणि ट्रेन पकडायला पळायचं, असा माझा शिरस्ता. पण आदल्या वर्षी नागपूरला आई गेली, व्हिसाच्या भानगडीत मला वेळेवर पोहोचता आलं नाही, आणि तेव्हापासून मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला. सुरुवातीला त्यात राग होता. पुढे राग ओसरला आणि नुसतं कुतूहल उरलं. ही खरंच ऐकते का? ऐकत असेल, तर उत्तर कसं देते? निरांजन मी सोडलं नाही, पण गॅस पेटवावा तसं ते लावत होते.

एलेनाताई मूळच्या मेक्सिकोतल्या. माझी मुलगी तान्ही असताना मी कामावर परतले, तेव्हापासून त्यांनी तिला सांभाळलं. आता मुलगी हायस्कूलमध्ये आहे आणि ताई साठी ओलांडलेल्या. मुलगी त्यांना स्पॅनिशमध्ये ‘टीया’ म्हणते, म्हणजे मावशी. मी ताई म्हणते. त्या मला ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे ‘लेकी’. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये चालतं. त्यात त्यांचं स्पॅनिश आणि माझं मराठी अधूनमधून डोकावतं, आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही.

थंडी सुरू होताना त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. पाय सुजायचे. मीच त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेले. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. अंगात साठलेलं पाणी काढणारी गोळी दिली, मीठ तोडायला सांगितलं आणि ठोक्यांची नोंद करणारं एक छोटं यंत्र काही दिवस छातीवर चिकटवलं. ताईंनी स्वतःच्या नंबरबरोबर माझाही नंबर दिला.

त्याच सुमारास त्यांची बिल्डिंग विकली गेली. नव्या मालकाला ती पाडून टॉवर उभारायचा होता. मुलं लहान असल्यापासून ताई तिथे राहत होत्या. नवरा तिथेच वारला, मुलं तिथूनच टेक्ससला गेली. “भाचीकडे जाते, तू काळजी करू नको,” असं म्हणून त्या गेल्या. आधी त्यांचा फोन लागायचा. मग लागेनासा झाला. मी कामाच्या रगाड्यात होते. येईल त्यांचाच फोन, असं वाटत राहिलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी क्लिनिकमधून नर्सचा फोन आला. “त्या तुमच्याबरोबर आहेत का? त्यांना आजच हॉस्पिटलमध्ये यायला हवं. मला याहून जास्त सांगता येत नाही, पण प्लीज, शोधा त्यांना.”

मी कोट चढवून निघाले. त्यांच्या जुन्या बिल्डिंगच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. भाचीच्या घरी गेले, तर ती दारातच भेटली, ओशाळलेली. “घरमालक कुरकुर करायला लागला, माणसं जास्त झालीत म्हणून. मावशी आपणहूनच निघून गेली, तिच्या एका मैत्रिणीकडे.” मैत्रिणीच्या पत्त्यावर गेले, तर तिलाही भाडं वाढल्यामुळे ते घर सोडावं लागलं होतं. ती कुठे गेली, हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत विचारलं. बाई म्हणाली, “इथून रोज कुणी ना कुणी जातंय. कुणाकुणाची नावं लक्षात ठेवू?”

इतकी वर्षं मी या गावात राहते, आणि आमच्या काचेच्या इमारतींपासून पायी जाण्याच्या अंतरावर माणसं अशी घरातून घरात सरकत होती. बॅगा उचलायच्या, कुणाच्या तरी सोफ्यावर पथारी टाकायची, पुन्हा बॅगा उचलायच्या. त्यात आजारी माणसाचं काय होत असेल?

बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. विचारायला दार उरलं नव्हतं. फार दिवसांनी मनातल्या मनात देवीशी बोलले, “आई, माझे पत्ते संपले. आता तूच बघ.” डोळ्यांत पाणी नव्हतं. गाऱ्हाणंही नव्हतं. खरंच मला पुढे काही सुचत नव्हतं.

इतक्यात करड्या कोटातली एक वयस्क बाई समोर आली. तिच्या दोन्ही हातांत गुलाबांनी गच्च भरलेल्या दोन बादल्या. तिने एक बादली माझ्या पायाशी ठेवली, स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली आणि चालायला लागली. मी घाईत आहे, हे तिला कोणत्या शब्दांत सांगावं कळेना. माझी बस येत होती. पण ती इतक्या खात्रीने पुढे चालली होती की मी बादली उचलली आणि तिच्या मागे गेले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. नेतेय कुठे, ते बघू या, एवढंच वाटलं.

दोन-तीन गल्ल्या ओलांडून आम्ही एका चर्चच्या बाजूच्या दाराने तळघरात उतरलो. मिरच्या आणि मक्याच्या वाफेचा वास येत होता. बायकांची लगबग चालली होती. मेक्सिकोतली माणसं मेरीमातेला ग्वादालुपे माता म्हणून पुजतात; तिचा सण जवळ आला होता, त्याची ही तयारी. बाईने बादली ठेवली, ‘ग्रासियास’ म्हणून आभार मानत माझा हात दाबला आणि ती वर निघून गेली. मी वळले, तर टेबलाशी गुलाबांचे काटे काढत एलेनाताई बसल्या होत्या. अंगात कोट, चेहरा राखेसारखा, आणि सुजलेल्या पायांत बंद न बांधलेले बूट.

“मिहा? तू इथे कशी?”

“तुम्हालाच शोधतेय. चला, हॉस्पिटलमध्ये जायचंय.”

“एवढी फुलं होऊ देत.”

“नाही ताई. आत्ता.”

उठताना त्यांचा तोल गेला. बायकांनी त्यांना सावरलं आणि कुणीतरी अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमध्ये कळलं, हृदयाचे ठोके मधेच भरकटत होते. फुफ्फुसांत पाणी साठलं होतं. तरुण डॉक्टरीण पुन्हा पुन्हा विचारत होती, गोळ्या का थांबवल्या? ताई छताकडे बघत राहिल्या. ती बाहेर गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. “ताई, मला सांगाल? मला खरंच जाणून घ्यायचंय.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “मैत्रिणीबरोबर गेले, त्या घरात तीन कुटुंबं आहेत. बाथरूम एक. ती गोळी घेतली की मला सारखं आत जावं लागतं. सकाळी सगळ्यांना कामाची घाई. दारावर थाप पडते. मी पाहुणी ना गं. लाज वाटायची. म्हणून गोळी सोडली.” मग हळूच म्हणाल्या, “चुलीपाशी माझी पाळी कधी यायचीच नाही. डब्यातलं सूप प्यायचे. खारट असतं, माहीत होतं मला.”

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. औषध अगदी बरोबर दिलेलं होतं. पण ते घ्यायला आपली म्हणावी अशी बाथरूमच्या दाराची एक कडी लागते, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ठोका भरकटला तर सांभाळून घेणारं यंत्र त्यांच्या छातीत बसवलं. घरी सोडायची वेळ आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला: कोणत्या घरी? माझा नवरा म्हणाला, “माझी ऑफिसची खोली देऊ ना त्यांना. मी डायनिंग टेबलवर बसेन, त्यात काय?” ताई वसंत येईपर्यंत आमच्याकडे राहिल्या. मग चर्चमधल्या एका विधवा बाईंनी आपल्या घरातली तळमजल्यावरची खोली त्यांना दिली. जुन्या बिल्डिंगमधले बाकीचे शेजारी मात्र अजून विखुरलेलेच आहेत. सगळ्यांची सोय लागली, असं मी म्हणणार नाही.

त्या गुलाबवाल्या बाईंना शोधायला मी पुन्हा चर्चमध्ये गेले होते. वर्णन सांगितलं. बायका हसल्या. त्या दिवसांत कितीतरी जणी फुलं आणतात, त्यातली कोणती म्हणून सांगणार? मी जास्त खोदून विचारलं नाही. दैवी चमत्कार झाला, असा माझा दावा नाही. पण त्या दिवशी ती बस मी धरली असती तर, हा विचार मनात आला की आपसूक हात जोडले जातात.

आता देवीपुढे मी फार मागत नाही. माणसांना मात्र विचारते. नुसतं ‘कसे आहात’ एवढ्यावर थांबत नाही. रात्री झोप कुठे होते, स्वयंपाक करायला मिळतो का, तेही विचारते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं असावं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपला रस्ता संपला हे कबूल करायचं आणि जो कुणी समोर येईल त्याच्याबरोबर चालायला लागायचं.

ताई आमच्याकडे राहत होत्या, तेव्हाची एक सकाळ आठवते. मी निरांजन लावत होते. त्या शेजारी उभ्या राहून तसबीर निरखत होत्या. माहूरच्या रेणुकेचं नुसतं मुख आहे, शेंदराने माखलेलं, मोठ्या डोळ्यांचं.

“हिला हात नाहीत?” त्यांनी विचारलं.

लहानपणी मीही आईला हेच विचारलं असणार, पण उत्तर काही आठवेना. म्हटलं, “मूर्ती अशीच आहे, ताई. का, ते मला माहीत नाही.”

ताई अगदी सहज म्हणाल्या, “कामाला गेले असतील.”