चार थेंब पाणी

ही गोष्ट मी आजवर टाळली. दारू प्यालो हे सांगायची लाज वाटते, असं मनाशी म्हणत आलो. ते खरं नाही. लाज पाण्याची होती.

निजामाच्या शेवटच्या वर्षांत मी नांदेडला एका मुसलमान वकीलसाहेबांच्या हाताखाली होतो. कचेरीची भाषा उर्दू. ती मला त्यांनीच अलिफ-बेपासून शिकवली. वकिलीची परीक्षा पास झालो त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून व्हिस्कीची बाटली काढली. स्कॉटलंडची, एकाच भट्टीची, अठरा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. मुदखेडच्या कुणा गोऱ्या रेल्वेसाहेबानं दिलेली.

"अशीच प्यायची न्हाई," ते म्हणाले. "चार थेंब पाणी पडलं की हिचा वास उघडतो."

स्वतःच्या पेल्यात सुरईतलं पाणी टाकून त्यांनी तो माझ्या नाकाशी धरला. जुना गूळ, ओलं लाकूड, मागून चुलीचा धूर. मग सुरई माझ्या पेल्याकडे वळली आणि मी पेल्यावर पंजा ठेवला.

"पाणी नको, साहेब. आमच्यात चालत नाही."

सुरई जरा वेळ तशीच अधांतरी राहिली. मग ते हसले. "वा रे मियाँ! गोऱ्याची दारू चालते, अन् गोदावरीच्या पाण्यानं बाटतोस?"

मीही हसलो. मुसलमानाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, एवढं घरी शिकवलं होतं. दारूबद्दल कुणी काही शिकवलंच नव्हतं. तशी वेळ येईल असं घरच्यांना वाटलं नसावं. मी कोरीच ओढली. घसा जळला, डोळे भरून आले, वास काही लागला नाही. त्यांनी बाटलीला बूच लावलं.

पुढं ते लातूरला लेकीकडे राहायला गेले. एका खटल्यासाठी अहमदपूरला गेलो होतो, तिथून मुद्दाम त्यांच्याकडे गेलो, माफी मागायची ठरवून. त्यांचे पाय सुजले होते. तरी मला पाहताच उठले, "बसा, आलोच" म्हणाले आणि भिंतीला धरत शेजारी गेले. पूर्वी ते मला 'तू' म्हणत.

भरलेला तांब्या त्यांनी माझ्यापुढं ठेवला. "शेजारच्या बामनाघरचं हाय, तांब्याबी त्यांचाच. तुम्हाला चालतंय."

कोपऱ्यात त्यांची सुरई होती, काठोकाठ भरलेली. 'मला त्यातलं द्या' एवढंच म्हणायचं होतं; तीच माफी झाली असती. मी तांब्या उचलला, वरून घटाघटा प्यालो आणि म्हणालो, "पाणी गार आहे."