आई एक्सपायर

त्या सकाळी चहा पिताना आमचं बिस्किटांच्या डब्यावरून वाजलं. सून जर्मनीची. नाताळात तिकडून दालचिनीची बिस्किटं पाठवते, चांदणीच्या आकाराची, वर साखरेचा पांढरा थर. कुणी पाव्हणा आला की फोडू, असं करत बायकोने तो डबा फ्रिजवर ठेवून दिलेला. त्या दिवशी तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तो खाली काढला. मोतीबिंदूमुळे तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून डबा माझ्या हातात.

"तारीख बघा. एक्सपायर झालंय का."

सगळं जर्मन. पोराने माझ्या फोनमध्ये भाषांतराचं ॲप टाकून दिलंय, त्याचा कॅमेरा अक्षरांवर धरला की मराठी दिसतं. धरला. 'किमान टिकेल', आणि पुढे तारीख. ती कधीच उलटून गेली होती.

"गेलं हे. फेकून दे."

"काय लिहिलंय ते परत वाचा."

"किमान टिकेल."

"किमान म्हणजे कमीत कमी ना? मग पुढे टिकणार नाही असं कुठं म्हटलंय? ठेवा वर."

"पोट बिघडलं तर मला सांगू नको."

"तुम्हाला सांगून काय करू? तुम्ही काय डॉक्टर लागून गेला?"

डबा परत फ्रिजवर गेला. मी पेपर घेतला, ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. शेवटचं म्हणून ध्यानात ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

गॅलरीतून ती आत आली तेव्हा तिच्या खांद्यावर माझा ओला शर्ट तसाच होता. "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय," म्हणाली आणि खाली बसली. शेजारीण धावत आली, आम्ही दोघांनी तिला रिक्षात घातलं. असल्फ्याच्या उतारावर रिक्षा हळू घे म्हणून ती ड्रायव्हरला ओरडली. म्हणजे तोपर्यंत ठीक होती.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळाने डॉक्टरीण बाहेर आली. पोरगीच होती.

"काका, सॉरी. पेशंट एक्सपायर झाल्या."

मी म्हणालो, "नाही, मी वाचलं ना. टिकतं अजून."

डॉक्टरणीने शेजारणीकडे बघितलं. शेजारणीने माझा हात धरला तेव्हा मला कळलं की आपण बिस्किटाबद्दल बोललो. तासाभरापूर्वी हाच शब्द घरात होता. मला वाटलं होतं तो डब्यांचा आणि गोळ्यांचा शब्द आहे.

मग वस्तीच्या बुद्धविहारातली माणसं आली. आमची वस्ती एकमेकांना धरून आहे, बोलवावं लागत नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, पोरगा येतोय का? येत असेल तर बॉडी बर्फात ठेवायला सांगू, नाहीतर संध्याकाळीच न्यावं लागेल. एकुलता एक पोरगा. त्याला आईचं तोंड दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. बाकी मी दगड झालो होतो.

पोराला फोन लागेना. त्याच्या कारखान्यात सकाळची पाळी असली की फोन कपाटात ठेवून आत जावं लागतं. दुपारनंतर तो बाहेर येणार, म्हणजे आपली संध्याकाळ. मधे राहिली सून. तिला मराठी येत नाही, मला जर्मन नाही, आणि माझं सातवीपर्यंतचं इंग्लिश साकीनाक्याच्या प्रेस मशीनवर विरघळून गेलं. आमचं दोघांचं बोलणं ॲपमधूनच चालायचं. मी मराठीत टाकायचं, तिला जर्मन जायचं. ती सासूला 'मामा' म्हणायची, तिकडे आईला मामा म्हणतात. बायको मला सांगायची, "बघा, सासू नाय, आई नाय, डायरेक्ट मामा करून टाकलं मला."

मी लिहिलं, 'आई गेली.'

लगेच उत्तर आलं. 'शुभ सकाळ बाबा! कुठे गेली? बाजारात?' पुढे एक फूल.

ते फूल बघून मला हसू आलं की रडू, ते अजून सांगता येत नाही. शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, "काका, गेली म्हटल्यावर त्या मशीनला काय कळणार? इंग्लिशमधी टाका. डॉक्टर बोलली तेच टाका ना. एक्सपायर."

मला पटलं. इंग्लिश म्हणजे पक्कं काम. शेजारणीने स्पेलिंग आपल्या फोनमध्ये बघून सांगितलं, मी एकेक अक्षर दाबलं. मम्मी एक्सपायर. ॲपने त्याचं जर्मन केलं, लांबलचक शब्द, आणि मी पाठवून दिला.

या वेळी थोडा वेळ लागला. मला वाटलं, आता ती रडत असेल. विहारातले एक दादा खांद्यावर हात ठेवून उभे होते, त्यांनाही वाटलं काम झालं. मग उत्तर आलं.

'अरे, हरकत नाही बाबा. काळजी करू नका. आपण नवीन घेऊ.'

दादांनी ते वाचलं आणि हात काढून घेतला. मी पुन्हा वाचलं. नवीन घेऊ. शेजारीण म्हणाली, "असं कसं बोलते ही? माणूस आहे का कोण आहे?" या पोरीने माझ्या बायकोच्या हातची भाकरी खाल्ली होती. तिच्याकडून साडी नेसवून घेतली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेल लावून घेतलं होतं. आणि आता नवीन घेऊ?

मग पुढची ओळ आली. 'पासपोर्टला वेळ आहे. उन्हाळ्यापर्यंत मिळेल. मामाला सांगा, ती येणारच.'

उन्हाळ्यात आम्ही जर्मनीला जाणार होतो. बायकोचा पासपोर्ट संपत आलेला, त्याचं सुनेशी बोलणं आदल्याच दिवशी झालं होतं. ती पासपोर्ट समजली होती. आणि तिच्या लेखी मामा अजून येणारच होती.

मला तेव्हा कळलं की गोड शब्दाने हे होणार नाही. आमच्यात माणसाला 'मेली' म्हणत नाहीत. मांजर मरते, कोंबडी मरते, माणूस जातो. मी आयुष्यभर तोंडाचा फटकळ, सगळी गल्ली ओळखते. पण तो शब्द माझ्या बोटाला येईना. शेजारणीने "मी टाकते" म्हणून हात पुढे केला. मी फोन दिला नाही. हे दुसऱ्याने लिहायचं नव्हतं.

'आई मेली.'

जर्मन आलं ते एवढंसं होतं, डब्यावरच्या शब्दापेक्षा लहान. पाठवलं. दोन निळ्या खुणा झाल्या. थोड्या वेळाने पोराचा फोन आला. सुनेने कारखान्याच्या ऑफिसात फोन करून त्याला मशीनवरून बाहेर काढलं होतं. तो "बाबा" म्हणाला. मग त्याने विचारलं, "मी येईपर्यंत ठेवाल ना?" मी म्हटलं, "ठेवतो. ये."

संध्याकाळी विमानात बसायच्या आधी त्याने समजावलं. "बाबा, तिचं चुकलं नाही. इंग्लिशमध्ये एक्सपायर एकच, जर्मनमध्ये त्याचे निरनिराळे शब्द आहेत. माणसाचा वेगळा, पासपोर्टचा वेगळा, श्वास सोडायचा पण वेगळा. ॲपने पासपोर्टवाला उचलला." इथं आपल्याकडे डॉक्टर, औषधवाला, बिस्किटवाला, सगळ्यांचं एकाच शब्दावर भागतं. आपल्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

सुनेला व्हिसा लगेच मिळणार नव्हता, ती तिकडेच राहिली. तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. नुसतं रडणं, आणि मधेमधे सॉरी. मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. शब्दांची धास्तीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचं विमान उतरायचं होतं. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारणीने चहा आणून ठेवला, तो निवला. वाळत घातलेले कपडे मी काढले. फोन वाजला, सुनेचा मेसेज. 'बाबा, काही खाल्लं का?'

आदल्या दिवशीच्या चहानंतर पोटात काही गेलं नव्हतं. फ्रिजवरचा डबा काढला, झाकण उघडलं. दालचिनीचा वास आला, ताजा. एक चांदणी उचलली, गार चहात बुडवली आणि खाल्ली. चांगली होती. मग उघड्या डब्याचा फोटो काढला, एक जागा रिकामी दिसेल असा, आणि सुनेला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

पांढरा शर्ट घातला आणि विमानतळासाठी रिक्षा बघायला खाली उतरलो.