भजनासाठी घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर

सोसायटीच्या भजनी मंडळासाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर निवडायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं, तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं. "मंडळासाठी एवढं तर केलंच पाहिजे," असं म्हणालो. म्हणताना मनात भजन नव्हतं, माझी पेडल स्टील गिटार होती.

ही गिटार हातात धरून वाजवत नाहीत. ती इस्त्रीच्या टेबलासारखी पायांवर उभी असते. समोर बसायचं, गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि पायाने पेडल दाबून तारा ताणायच्या. मेहुण्याने ती परदेशातून आणली, त्याच्या घरी ठेवायला जागा नव्हती, म्हणून बदलापूरला आमच्याकडे आली. सूर विझत जातो तसा दुसऱ्या पायाने आवाज वाढवत न्यायचा, म्हणजे सूर लांबतो. माझ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याचा आवाज नेमका तिथेच फाटायचा. ताकद राखून असलेला, पंधरा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. बायकोने आधीच बजावलं होतं, "टेबल आलंय तेवढं पुरे. आता त्याच्याशेजारी कपाट नको."

आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे मंडळाचं सामान आमच्याच घरात असतं. म्हणजे एकादशीला अ‍ॅम्प्लिफायर मंडळाचा, इतर दिवशी माझा. हे मी कुणाला विचारून ठरवलं नव्हतं.

खरेदीला मंडळाच्या प्रमुख सोबत आल्या. निवृत्त शिक्षिका; सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणते. उल्हासनगरच्या दुकानदाराने भलामोठा खोका दाखवला. "ये डीजेवाला लो, साईं. सामनेवाली बिल्डिंग खाली हो जाएगी."

"आम्हाला बिल्डिंगीतच राहायचंय," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यात कीबोर्डसाठीचा एक होता. आवाज स्वच्छ, खरखर नाही. पण गिटार दुकानात नेता येत नव्हती. मग मी बाईंच्या हातात माइक दिला.

"बाई, एक लांब 'आ' लावा. आणि हळूहळू सोडत जा."

"सोडत म्हणजे?"

"म्हणजे दम संपल्यासारखा."

"संपल्यासारखा कशाला? संपतोच."

बाईंनी डोळे मिटून 'आ' लावला. तो विझू लागला तसं मी बटण फिरवत गेलो. सूर जिथल्या तिथे उभा राहिला, जराही फाटला नाही. माझ्या अंगावर काटा आला.

दुकानदार बघतच राहिला. "भजन में ऐसे मरते-मरते कौन गाता है?"

"आमच्यात सगळ्याच," बाई अभिमानाने म्हणाल्या, आणि मी न सांगता त्यांनी आणखी दोनदा 'आ' लावला. परतताना रिक्षात त्या सारख्या सांगत होत्या, किती कळतं हो तुम्हाला. मी बाहेर बघत होतो.

एकादशीला घोटाळा झाला. जुन्या डब्यातून सगळ्यांचा मिळून एकच आवाज यायचा, मिक्स भाजीसारखा. नव्यातून एकेकीचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. पहिल्याच अभंगात मागून कुणीतरी विचारलं, "ही कोण गं?" मग सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पेटीवाल्या काकू सुरात होत्या, त्यामुळे बाकीच्यांचं आणखीच उघडं पडत होतं. "जुनाच बरा होता," एकजण रागाने म्हणाली. "त्यात सगळ्या चांगल्या गायच्या." नवा परत करायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नव्यावर गिटार शेवटची वाजवून घेत होतो. दार उघडं राहिलं होतं. मान वर केली तर बाई उभ्या.

"माझ्याकडून तीन-तीनदा 'आ' म्हणवून घेतलंत, ते ह्या टेबलासाठी?"

"हो बाई," मी म्हणालो. "भजनाला चालेल असंही वाटलं होतं. पण आधी ह्याच्यासाठी."

"ओरडा हो बाई," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "माझं ऐकत नाहीत."

बाई ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि कालच्या अभंगाची ओळ गायला लागल्या. मी साथ धरली. वरच्या सुरावर त्या नेहमीप्रमाणे थोड्या खाली राहिल्या. पेटीला तिथे पट्टीच नाही. मी कांडी केसभर खाली सरकवली आणि त्यांना गाठलं. बाईंनी डोळे उघडले. मग आणखी खाली गेल्या, मला वाटतं मुद्दामच. मीही गेलो.

"कुठेही येता की तुम्ही!"

"बाई, पण कमिटीला खरं सांगावं लागेल. माझ्या मनाला ते…"

"सांगा की. मंडळाला शोभा यावी म्हणून घेतला, असं सांगा." त्या उठल्या. "एकादशीला हे टेबल हॉलमध्ये आणा, म्हणजे तेच खरं होईल."

नवा परत करायचं आता कुणी काढत नाही, कारण मंडळात बेसूर कुणीच नाही. बायका जिथे जातील तिथे मी कांडी घेऊन मागोमाग जातो, अ‍ॅम्प्लिफायर सगळं गोड करून ऐकवतो. फक्त पेटीवाल्या काकू माझ्याशी बोलत नाहीत. सगळ्या हॉलमध्ये सूर त्यांचा एकटीचाच बरोबर असतो, आणि दर एकादशीला माझ्यामुळे तो चुकल्यासारखा वाटतो.