दिसलं तरच दाबा

"समोरचं सगळं दिसतंय की रं!" कुणी डोळ्यांचा विषय काढला की आमचा फौजी असं म्हणायचा आणि पेपरातली सगळ्यात बारीक जाहिरात खडाखडा वाचून दाखवायचा. तुमच्याही आळीत असा एखादा असेल, बघा.

वाचायचा खरा. पण शेजारी ठेवलेला चहाचा कप त्याला सापडायचा नाही. वहिनी कपावर चमचा वाजवायच्या, मग आवाजाच्या रोखानं हात जायचा. "मुद्दाम बाजूला ठेवती ही!" म्हणून वर त्यांच्यावरच खेकसायचा.

कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मीच त्याला नेला. काचबिंदूचा संशय होता. डॉक्टर म्हणाले, "हा कडेची नजर आधी खातो. गेलेली परत येत नाही. वेळेत कळलं तर उरलेली राखता येते."

मग आतल्या खोलीत तपासणी. एक डोळा झाकून पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं आणि मधल्या दिव्याकडं बघत राहायचं. कडेला कुठं बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाईंनी बजावलं, "आजोबा, दिसलं तरच दाबा."

फौजीनं जरा वेळात यंत्राच्या टकटकीची चाल पकडली. मग काय, परेडच सुरू! एक-दो, एक-दो, ठेक्यात बटण. मला मागं हसू आवरेना.

बाई म्हणाल्या, "उजेड नसतानाही दाबताय तुम्ही. यावरून काही कळत नाही. पुन्हा करू."

"फौजीला पुन्हा? आवं, एकदा पास झालो म्हंजे झालो!" आणि टोपी चढवून निघाला. निघताना चौकटीवर खांदा आपटला.

परत गेलाच नाही. पुढं पेपरही सुटला. ओट्यावर बसून माझ्या पावलांच्या आवाजाकडं तोंड वळवायचा आणि म्हणायचा, "दिसलास की रं!"

"दिसणारच की गड्या," मी म्हणायचो.

गेल्या वर्षी तो गेला.

यंदा त्याच यंत्रापुढं मी बसलो. शाळा चौथीपर्यंत, पण हार मानणं कधी शिकलो नाही. खोलीत अंधार केला. आधी उजेड दिसत गेले, मग दिसेनासे झाले. यंत्र मात्र आत टकटक करत होतं. अंगठा शिवशिवला. तेवढ्यात डाव्या कानाशी तो बोलला, "दाब की रं. एक-दो."

मी अंगठा उचलून धरला. "न्हाई दिसत गड्या," मोठ्यानंच म्हणालो.

"बोलू नका आजोबा," बाई म्हणाल्या. "समोर बघा."

समोर बघत राहिलो. तो डावीकडंच उभा असणार. तिकडचं मला काहीच दिसत नव्हतं.