साडूभाऊंचा नवा मुलूख

जगाच्या पाठीवरचा कुठलाही माणूस आमच्या साडूभाऊंपुढे उभा करा. चहा यायच्या आत ते त्याचं गाव काढतात आणि कप खाली ठेवायच्या आत सोयरीक. कुपवाडला त्यांचं लेथचं वर्कशॉप. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सांगलीत इंटरनेटचं दुकान निघालं, तेव्हा रोज संध्याकाळी वर्कशॉपला कुलूप घालून स्वारी थेट तिथं. "हितली गावं इचारून संपली आसतील," असं आमच्या थोरल्या मेव्हणीबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

तिथं ते एक खेळ खेळत. चित्रबित्र काही नाही, काळ्या पडद्यावर नुसत्या इंग्रजी ओळी. तू जंगलात आहेस, समोर राक्षस आहे, काय करतोस? देशोदेशीचे लोक एकाच वेळी त्यात तलवारी परजत हिंडायचे. साडूभाऊंनी एक तरी राक्षस मारला असेल तर शपथ. त्यांनी आपलं नदीकाठी खोपट बांधलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोडक्या इंग्रजीत विचारू लागले, गाव कुठलं, पाऊसपाणी काय म्हणतंय? फिनलंडचा एक गडी त्यांना लुटायला आला होता, तो पाव खाऊन आणि त्याच्या गावाकडच्या बर्फाची तक्रार करून परत गेला. खोपटापुढं त्यांनी एक दगड मांडला होता. "गाव म्हटल्यावर द्येव नगं व्हय?"

मग एक दिवस पडद्यावर जाहीर झालं की खेळातलं जग बदलणार. नदीकाठ पाण्याखाली जाणार, पलीकडं नवा मुलूख उघडणार. घरंदारं जातील, ज्याला जेवढं अंगावर पेलेल तेवढंच सोबत न्यायचं. बाकीचे खेळाडू हरखले. साडूभाऊ माझ्या घरी येऊन बसले. तिकडची माती काळी असंल का मुरमाड? पाणी किती हातांवर लागंल? शेजार कोण मिळंल?

"साडूभाऊ, अहो खेळ आहे तो," मी म्हटलं.

"पावनं, आमच्या गावाला बी आशीच नोटीस आलती."

धरणात गेलेल्या गावचे ते. साऱ्या दुनियेचं गाव विचारणारा हा माणूस स्वतःच्या गावाबद्दल माझ्यापाशी पहिल्यांदाच बोलला, आणि तेही एवढंच.

शेवटच्या दिवशी मला राहवेना, मीही दुकानात गेलो. साडूभाऊंनी दगड उचलायचा हुकूम दिला. खेळ म्हणाला, ओझं पेलत नाही. त्यांनी तलवार टाकली. तरी नाही. ढाल टाकली, चिलखत उतरवलं.

"अहो, नव्या मुलखात उघड्या अंगानं जाणार? पहिल्या वळणावर कुणीतरी मारील."

"मारू द्या की," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "आमच्या आज्यानं ट्रकात म्हस चढवली आन् द्येव मागं ठिवला. मागनं येऊन न्हेऊ म्हनला. तवर पानी आलं. मरस्तवर दर उन्हाळ्यात पानी उतरलंय का बघाय जायाचा म्हातारा."



दगड उचलला गेला. दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत नव्या मुलखात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी तो खाली ठेवला. पडद्यावर ओळ उमटली, 'तू दगड ठेवलास.' चार शब्दांचीही ओळ नव्हती, पण साडूभाऊ ती किती तरी वेळ वाचत राहिले. मग चष्मा काढून डोळे पुसू लागले. मागं लोक ताटकळत होते. मी दुकानदाराकडं आणखी अर्धा तास मागून घेतला.