सहीची फाइल

पालेगावच्या नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर बसून मी टीव्हीचं अ‍ॅप बनवायचो. शेठ उल्हासनगरचे, कॅम्प एकमधले. कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानातून मला उचलून त्यांनी या कामाला लावलं होतं. अ‍ॅप हाच त्यांचा सगळा धंदा. त्या दिवशी संध्याकाळी आमचा जुना सर्व्हर बंद होणार होता. त्याआधी अपडेट गेलं नाही, तर घराघरांतल्या टीव्हीवर आमचं अ‍ॅप बंद पडणार. अपडेटला लागते आमच्या सहीची फाइल; ती हरवली तर टीव्ही कंपनी दुसरी सही मानत नाही. ती फक्त माझ्या लॅपटॉपवर होती. कॉपी करून ठेवतो, असं मी वर्षभर म्हणत होतो.

दुपारी अपडेट तपासायला एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा खोटा टीव्ही, सुरू केला. काळी चौकट उघडली आणि तशीच राहिली. दोनदा, चारदा. त्या काळ्यात माझाच चेहरा दिसत होता. मला उगाच भीती वाटायला लागली.

मी जात्याच उतावळा. त्यात दुकानातली सवय: मशीन अडलं की शोधत बसायचं नाही, सगळं उडवायचं आणि नवं टाकायचं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असायचं ना! मी अख्खं सॉफ्टवेअर काढलं. जुना डेटाही काढू का, असं त्याने विचारलं. हाताने 'हो' दाबलं, डोक्याला विचारलंच नाही.

नवं टाकलं. पुन्हा काळंच. मग सुचलं, गेल्या आठवड्यात लॅपटॉपचा बोर्ड बदलला होता. त्यात व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे खोटा टीव्ही ज्यावर चालतो ती, सेटिंग बंदच राहिली होती. ती चालू केली आणि दोन मिनिटांत खोटा टीव्ही झकास उजळला. मी स्वतःला एक शिवी हासडली आणि सही करायला गेलो. सह्यांची यादी रिकामी होती.

सहीची फाइल मी काढून टाकलेल्या त्या जुन्या डेटातच होती. उडालेल्या फाइली परत काढायचं सॉफ्टवेअर लावलं. दुकानात लोकांच्या लग्नाचे फोटो मी त्यानेच काढून दिले होते. फाइलचं नाव सापडलं. आत काहीच नव्हतं.

तेवढ्यात शेठचा फोन आला. "बेटा, टेस्टिंग झाली ना?"

"झाली, शेठ. मस्त चालतंय."

"और वो सहीवाली फाइल? सेफ आहे ना? तुझ्याकडे आहे म्हणून मी टेन्शन घेत नाय."

साडेचार वाजले होते.

"हो शेठ," मी म्हणालो, "माझ्याकडेच आहे."